चाचण्यांचा क्रम

सोमवार, ७ ऑक्टोबर

ज्याने माणसाच्या हाती लेखणी दिली, त्याच्या कृपेने हे पान उघडतो. चाचण्यांचे काम आज माझ्याकडून काढून सैदमुरोदला दिले!

आमचे साधन प्रोग्रॅमांची गाठोडी बांधते, लोकांच्या संगणकांवर ती उलगडते, नकोशी झाली की पुसते. हे बिनचूक घडते का, हे पाहणाऱ्या शेकडो चाचण्या मी ओळीने लावल्या. रोज पहाटे त्या आपोआप चालतात. आमची प्रमुख मुहाय्यो मला आदराने दोमला, म्हणजे गुरुजी, म्हणते. ती म्हणाली, "दोमला, आता जरा उसंत घ्या." उसंत! बुखाऱ्याच्या मदरशात मी आणि सैदमुरोद एकाच चटईवर बसलो. तेव्हाही लोक त्याचेच ऐकत.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

त्याने माझी ओळच मोडली. चाचण्या आता रोज नव्या, उलटसुलट क्रमाने चालणार. "मुल्ला, लोक काय तुझ्या क्रमाने बटणं दाबणार आहेत?" सगळे खदखदून हसले. मुहाय्योने त्याला चहा ओतला, मानाने, अर्धाच पेला. माझा काठोकाठ— म्हणजे प्या आणि उठा!

बुधवार, ९ ऑक्टोबर

एक चाचणी कधी लाल, म्हणजे नापास, कधी हिरवी. लाल झाली की सगळे ती पुन्हा चालवतात, हिरवी होईपर्यंत. सैदमुरोद म्हणाला, "यंत्राची लहर असेल."

मी मुकाट्याने क्रम ताडून पाहिला. लहर नव्हे! दोन गाठोड्यांचे सामान एकाच कप्प्यात असेल आणि त्यातले एक पुसले, तर आमचे साधन अख्खा कप्पाच उडवते. माझ्या ओळीत पुसणे सर्वांत शेवटी होते. ते दिसलेच नसते. त्याच्या क्रमाने दाखवले, पण त्याला उमगले नाही.

उद्या नवी आवृत्ती निघते आहे. सांगावे?

गुरुवार, १० ऑक्टोबर

सांगितले नाही. नमाजात कुराणातले, मत्सराने भावाला विहिरीत लोटणारे भाऊ आठवले. तरीही नाही. पडू दे एकदा तोंडघशी!

दुपारी पुलावातले मांस त्याने माझ्याकडे सरकवले. "खा रे, वाळलायस नुसता. आणि ती लहरी चाचणी पाहिलीस का? तुझी नजर बारीक."

"नाही," मी म्हणालो.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

आवृत्ती निघालीच नाही. नवे काही आधी स्वतःच्या संगणकावर लावायचे, मग लोकांना द्यायचे, ही सैदमुरोदची रीत. काल घरी लावून त्याने एक जुने गाठोडे पुसले. कप्पा गेला. त्याच कप्प्यात त्याच्या दिवंगत वडिलांची प्रवचने होती, त्यांच्याच आवाजातली. दुसरी प्रत नाही.

"बरं झालं, माझ्याच घरी झालं," एवढेच तो म्हणाला.

शनिवार, १२ ऑक्टोबर

त्याच्या दारी जाऊन सांगितले: मला बुधवारपासून ठाऊक होते.

तो म्हणाला, "सोमवारी मुहाय्योला बिघाड तेवढा दाखव. तुला कधी कळलं, ते नको सांगूस." आणि दार लावून घेतले.

हे पान ज्याच्या हाती पडेल, त्याची जीभ वेळेवर उघडो. त्याच्या घरातले आवाज शाबूत राहोत. आमीन.