चपला काढून काढलेला फोटो

मंगळवार, संध्याकाळ. परळ.

अजून अंगाची लाही होतेय. आमच्या मिशनच्या शाळेतले साहेब आणि मडम दरवर्षी देणग्यांसाठी मुलींचा फोटो आपल्या मायदेशातल्या चर्चला पाठवतात. आज मुली रांगेत उभ्या राहिल्या, तर मडम मला म्हणते, "त्यांना चपला काढायला सांगा. नाहीतर तिकडच्या लोकांना वाटेल, इथं कशाची गरजच नाही."

आणि मी सांगितलं! शिक्षकांच्या खोलीत संयुक्त महाराष्ट्रावर तावातावानं बोलणारी मी निमूटपणे म्हणाले, "मुलींनो, चपला काढा."

कमलच्या चपला नव्याकोऱ्या. गिरणीत राबणाऱ्या वडिलांनी खास फोटोसाठी घेतलेल्या. तिनं त्या भिंतीपाशी नीट जोडून ठेवल्या. मडमची धाकटी रूथ आमच्या मुलींतच वाढलेली, तिनंही बूट काढले. तर आई केवढ्यानं ओरडली, "खडे टोचतील, घाल आधी!"

खडे काय फक्त रूथलाच टोचतात?

नंतर कमलनं हळूच विचारलं, "बाई, माझ्या चपला वाईट दिसत होत्या का?"

चांगल्या दिसत होत्या, म्हणूनच तर काढायला लावल्या मी.