तीन शब्दांचा नवरा

आई, आज मच्छीबाजारात एका बाईनं मला नाकावरून ओळखलं. "त्यांचीच मुलगी ना हो तुम्ही? टीव्हीवरच्या?" म्हणाली, आणि मग सगळे विचारतात तेच, "घरी पण अशाच हसवायच्या का?" मी हो म्हटलं, बांगडे घेतले आणि घरी आले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही. म्हणून आज लिहायला बसले.

घरी तू हसवत नव्हतीस. ऑफिसातून यायचीस, स्वयंपाक करायचीस, गावातल्या नाटकांच्या तालमीला जायचीस. मी सातवीत असताना एका स्पर्धेत कुणीतरी तुझं काम पाहिलं आणि टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमासाठी तुला मुंबईला बोलावलं. तू नोकरी सोडून तिकडंच राहायला गेलीस. वर्षभरात घराघरात माहीत झालीस, ती बाबांमुळे. पदर खोचून स्टेजवर यायचीस आणि म्हणायचीस, "आमचे हे दिवसाला तीनच शब्द बोलतात. आलो, वाढ, निजतो. रविवारी दोनच, कारण कुठं जातच नाहीत!" लोक टाळ्या पिटायचे. बाबा जेटीजवळच्या बर्फाच्या कारखान्यात देखरेखीला होते. बर्फ न्यायला आलेले खलाशी त्यांना विचारायचे, "काय भाऊ, आज किती झाले?" बाबा हसायचे, की नुसते ओठ हलवायचे, ते मला कधीच कळलं नाही.

माझ्या दहावीच्या वर्षी तू गणपतीला घरी आली आहेस. खाली बसून मोदकांसाठी नारळ खोवते आहेस, मी दारात उभी आहे. "बाबांवर बोलणं बंद कर," मी म्हणते. वर्गात पोरी मला त्या तीन शब्दांनी हाका मारतात, हे सांगत नाही. तू मानही वर करत नाहीस. "त्यांना विचार. ते नको म्हणाले, तर उद्यापासून बंद." मी तशीच सायकल काढून कारखान्यात गेले. बाबा लादी फोडायच्या यंत्रापाशी उभे होते. त्यांनी यंत्र बंद केलं. मग म्हणाले, "घरात ती माझ्याशी बोलत नाय, नि मी तिच्याशी. तिथं बोलते तेव्हा निदान कळतं तरी, तिच्या मनात काय आहे ते. तू नको पडू ह्यात, बाय."

पुढं देवरूखची आजी गेली. काही महिन्यांनी तू तेही स्टेजवर आणलंस. "माझी आई गेली, मी ह्यांना फोन केला. हे म्हणाले, बरं." लोक हसले. बाबा घरी माझ्याशेजारी बसून टीव्हीवर बघत होते. ते उठून बाहेर गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मुंबईची एसटी धरली. तिथं काय झालं ते तू मला शेवटच्या आजारपणात सांगितलंस, इस्पितळात, भिंतीकडे तोंड करून. स्टुडिओच्या फाटकाशी उभ्या उभ्या ते म्हणाले होते, "आणखी एक शब्द काढला असता, तर मलाच रडू फुटलं असतं. मग तुला धीर कुणी दिला असता?" तेवढंच बोलून ते परत फिरले. चहासुद्धा घेतला नाही, म्हणालीस.

त्यानंतर तू 'आमचे हे' बंद केलंस. चॅनेलवाल्यांनी समजावलं, मग रागावून पाहिलं. तू शेजारीण झालीस, सासू झालीस, हवालदारीण झालीस. त्यातलं काही चाललं नाही. बोलावणी कमी होत गेली आणि तू परत आलीस. गावाला वाटलं, तुझं तिथं कुणाशी तरी बिनसलं. घरात तुम्ही दोघं नंतरही फार बोलत नव्हता. फक्त संध्याकाळी बाबा कामावरून आले की तू पडवीत त्यांच्याजवळ येऊन बसायचीस. पूर्वी बसत नव्हतीस.

इस्पितळात मी तुला विचारलं होतं, "ते फाटकापाशी बोलले, ते स्टेजवर घेतलं असतंस तर?"

तू लगेच म्हणालीस, "चाललं असतं गो. खूप चाललं असतं."

हे लिहिलेलं कुठं जाणार नाही. बाबांनाही दाखवणार नाही, कारण एक गोष्ट त्यांना सांगवत नाही. तुझी आठवण येते तेव्हा मला पडवीतली तू दिसत नाहीस. दिसते ती पदर खोचून स्टेजवर येणारी बाई. तिच्याशीच माझी ओळख जास्त होती.