मागची खोली आणि भाच्याचे हात

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा व्हायोलिनच्या शिकवण्या आणि त्याहून जास्त म्हणजे शिकवण्या घेणाऱ्यांना शिकवणं, पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दडपणाबद्दल एवढंच, की माझा भाचा हल्ली फळं घेऊन भेटायला येतो. फळं मी खाते, दडपण घेत नाही.

यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी रागाच्या भरात केलं होतं. हेही रागातच करते आहे, पण या वेळी विचार करून.

कलम एक. संगीत विद्यालयाच्या माजी प्राचार्यांना मी काहीही ठेवत नाही, आणि ते विसरल्यामुळे नव्हे, हे नोंदवून ठेवावं. तरुणपणी मी त्यांच्याकडे गेले होते. म्हटलं, तुमची मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात आणि पोटासाठी घरोघरी शिकवण्या धरतात, तर शिकवायचं कसं हेही त्यांना जरा शिकवा. ते हसले. म्हणाले, "बाई, ज्याला वाजवता येतं त्याला शिकवता येतंच. त्यात शिकायचंय काय?" मग मी माझ्याच घराच्या मागच्या खोलीत तो वर्ग काढला. चांगले तयार वादक, गायक यायचे, त्यांच्यासमोर खराखुरा नवशिका बसवायचा, आणि मी कोपऱ्यातून बघायचं. प्राचार्यांचे सुवर्णपदकवाले पहिल्याच तासाला घामाघूम व्हायचे. समोरच्याला येत नाही म्हणजे नेमकं काय येत नाही, हा प्रश्न त्यांना आयुष्यात कोणी विचारलेलाच नसायचा.

कलम दोन. खोलीतला मोठा आरसा वर्गाला येणाऱ्या गायिकाबाईंना द्यावा. त्या सात वर्षांच्या एका मुलीला "सूर कपाळातून काढ" म्हणून सांगत होत्या आणि ती बिचारी डोळे वर करकरून कपाळ शोधत होती. आरसा असला म्हणजे निदान कपाळ तरी सापडेल. भिंतीवरचं घड्याळ पियानोवाल्याला. तो दर तासाला आपल्या गुरूंनी आपल्याला कसं झोडपलं याची गोष्ट सुरू करायचा आणि गोष्ट रंगात आली की तास संपायचा. त्याच्या विद्यार्थ्यांना पियानो आला नाही, गुरुजींचा स्वभाव मात्र तोंडपाठ झाला.

कलम तीन. बँकेतली शिल्लक, जी काही असेल ती, वर्गात माझ्याबरोबर शिकवणाऱ्या मदतनीस बाईंना. पुढे काहीही झालं तरी ती त्यांचीच. हे आधीच का सांगून ठेवते, ते खाली कळेल.

कलम चार, आणि मुख्य. राहतं घर, मागच्या खोलीसकट.

माझ्या वर्गात नियम एकच होता. विद्यार्थ्याचं वाद्य विद्यार्थ्याच्या हातातून घ्यायचं नाही. आपले हात मांडीवर. तोंडाने सांगा, विचारा, गप्प बसा, पण हात मांडीवर. ऐकायला सोपं वाटतं. तयार वादकाला विचारून बघा. समोर चुकीचा सूर वाजला की त्याच्या बोटांना खाज सुटते, तो "थांब, असं," म्हणतो, वाद्य ओढून घेतो, आणि पुढचा अर्धा तास डोळे मिटून स्वतःच वाजवत बसतो. दाराबाहेर बसलेली आई ते ऐकते आणि शेजारणीला सांगते, "काय हो सुधारलाय माझा मुलगा!"

माझ्या बहिणीचा मुलगा हा या रोगाचा सगळ्यात मोठा नमुना. वादक म्हणून त्याला तोड नाही, हे मी शुद्धीत लिहिते. त्याच्या हातात पहिलं व्हायोलिन मीच दिलं. कार्यक्रम कमी झाले तेव्हा स्वारी माझ्या वर्गात आली, आणि परीक्षेच्या तासाला त्याने एका पोरीचं व्हायोलिन घेतलं ते तास संपेपर्यंत परत दिलं नाही. मी नापास केलं. तो म्हणाला, "मावशी, मी फक्त दाखवत होतो!" मी म्हटलं, "तिने बघायला तिकीट काढलं नव्हतं रे." त्याने अबोला धरला, आणि समोरच्याच इमारतीत शिकवणी उघडली. दारातून इतकं सुंदर ऐकू येतं म्हटल्यावर माझ्याकडच्या नवशिक्यांच्या निम्म्या आया पोरांना घेऊन रस्ता ओलांडून तिकडे गेल्या. माझा तिळपापड झाला, तो अजून पुरता निवलेला नाही.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण त्याने आपल्या मुलीलाही तसंच शिकवायला घेतलं. माझी नात ती. चार सूर वाजवले की वाद्य बापाच्या हातात. एके दिवशी तिने व्हायोलिन त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, तूच वाजव ना." त्यानंतर तिने त्याच्यासमोर वाद्याला हात लावलेला नाही. तो सगळ्यांना सांगतो की पोरीला आवड नाही. तो दौऱ्यावर असला की पोरगी मागच्या खोलीत मदतनीस बाईंकडे शिकते, आणि आवड तिला इतकी आहे की बघून माझा जीव तुटतो.

तेव्हा माझी इच्छा अशी. मी गेल्यावर मला निरोप द्यायला लोक मागच्या खोलीत जमतील. तिथे भाच्याने वाजवू नये. त्याची तयारी आत्तापासून सुरू असेल, मला माहीत आहे. ती त्याने थांबवावी. वाजवायचं ते माझ्या नातीने, तिला वाटलं तर, आणि तिला येतं तसं. भाच्याने समोरच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकावं. उठायचं नाही, पायाने ताल धरायचा नाही, तोंडाचा चंबू करून सूर सुचवायचा नाही. एवढं जमलं तर घर त्याचं, आणि माझ्या वर्गात तो पास. न जमल्यास घर मदतनीस बाईंचं. जमलं की नाही हे त्यांनीच ठरवावं. खोटं बोलून घर मिळवता येईल अशी संधी त्यांना पहिल्यांदाच मिळते आहे, आणि त्या ती वाया घालवणार याची मला खात्री आहे.

वकील म्हणाले, "आजी, ही अट कोर्टात टिकायची नाही." मी म्हटलं, "टिकवायची कोणाला आहे? चारचौघांत त्याच्यासमोर मोठ्याने वाचा म्हणजे झालं."

मला घर वाचवायचं नाही. भाचा जिंकावा असंच मला वाटतं. तो मला पोटच्या पोरासारखा आहे आणि आपली मुलगी काय वाजवते हे त्याने एकदाही ऐकलेलं नाही.

नातीला मी विचारलं, वाजवशील का? ती म्हणाली, "बाबा बसेल का गं शेवटपर्यंत?" हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवायला मी वकिलांना बोलावलं.

शेवटची सूचना जमलेल्या सगळ्यांना. पोरगी मध्येच अडली तर कोणी "हं, पुढे" म्हणू नये, टाळ्या वाजवून तिला सोडवू नये. तिला पुढचं आठवेपर्यंत थांबावं. मला त्या दिवशी कुठेही जायचं नसेल.

स्थळ: राहत्या घरी, मागच्या खोलीत. दिनांक: या महिन्याचा पहिला सोमवार, सकाळी, पहिला विद्यार्थी यायच्या आत.

लिहून देणार: (सही) व्हायोलिनच्या बाई

साक्षीदार: (सही) पियानो जुळवणारे काका. वाचून सही केली.

साक्षीदार: (सही) वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. बाईंनी आमच्यासमोर सही केली. पेन धरायला त्रास होत होता, पण मी मदतीला हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो मांडीवर ठेवायला सांगितला.