मडीच्या काठीवरचा लाल टी-शर्ट

५ जानेवारी
दीपश्रीच्या टीमने, म्हणजे आमच्या सप्तापूरच्या मुलींनी, सलग तिसरी मॅच जिंकली. श्रेय कोणाचं हे बापाने स्वतः बोलू नये. पण तिन्ही वेळा माझ्या अंगात तोच लाल टी-शर्ट होता. ठराव: टीम हरेपर्यंत, म्हणजे कधीच, तो धुवायचा नाही.

६ जानेवारी
टी-शर्टला कोणी हात लावू नये म्हणून माझ्या आत्याच्या, अंबूताईच्या, मडीच्या काठीवर टाकला. आत्याचं मडीचं, म्हणजे सोवळ्याचं, लुगडं तिथं वाळतं, त्याला घरात कोणी शिवत नाही. आत्याने नाकाला पदर लावला. म्हणाली, सुधी, मडी म्हणजे धुतलेलं रे. जुनी माणसं. बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
पाचवी जिंकली. प्रेक्षकांची मात्र किळस येते. बसतात त्याच पायरीवर गुटखा थुंकतात. रेफ्रीला डोळे नाहीत. कोच उमेश सर मी सूचना द्यायला लागलो की पाण्याची बाटली शोधत निघून जातात. तिळगूळ दिला, तरी गोड बोलले नाहीत.

१९ जानेवारी
सातवी! टी-शर्ट सकाळी काठीवर दमट लागला. घाम टिकून आहे, पण वास अजिबात नाही. ऑफिसात जेवताना ओंकारला समजावलं की आहार सात्त्विक असला की घामाला वास येत नाही. त्याने डबा बंद केला. शास्त्रीय चर्चा लोकांना नकोच असते. रंग थोडा फिका झालाय. उन्हाने.

२३ जानेवारी
सेमीफायनल खिशात. रविवारी हुबळीला फायनल. जिंकलो तर टीम राज्य स्पर्धेला बेंगळुरूला जाणार. दीपश्री दोन वर्षं यासाठी पहाटे उठून प्रॅक्टिसला जाते. मी बेंगळुरूसाठी रजेचा अर्ज टाकला.
संध्याकाळी अंबूताई मंत्रालय या तीर्थक्षेत्री रायरांच्या समाधीच्या दर्शनाला गेली. निघताना म्हणाली, शर्ट तेवढा भिजत घाल रे बाबा. घरातच शत्रू असल्यावर बाहेरच्यांना काय बोलणार. टी-शर्ट उशाला घेऊन झोपलो.

२४ जानेवारी
पॉवर वाढावी म्हणून दिवसभर अंगातच ठेवला. बाजार, गॅस सिलिंडर, तीन जिने.

२५ जानेवारी, सकाळी
चिगरी या बंद काचांच्या एसी बसने हुबळी. शेजारचा गृहस्थ 'भाळ नारतद' म्हणत उठून पुढे गेला. खरंच फार घाण वास येत होता. कुठलंतरी गटार फुटलं असावं. वास हुबळीपर्यंत बसबरोबरच आला. शी.

२५ जानेवारी, संध्याकाळी
हरलो. ४१-४०.
शेवटी दीपश्रीला दोन फ्री थ्रो होते. टी-शर्ट दिसावा म्हणून मी बास्केटच्या बरोबर मागे हात वर करून उभा राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या आजूबाजूच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. दोन्ही चुकले. रिंग वाकडी होती, मी मोजायला सांगितली. उमेश सर म्हणाले, तुम्ही आधी जरा लांब व्हा.
परतताना ती बसमध्ये लांब बसली. रडत होती. मला फार वाईट वाटलं, आणि रिंगबद्दल कोणाला सांगावंसंही वाटेना.

२८ जानेवारी
अंबूताई परतली. हातावर प्रसाद ठेवण्याआधी टी-शर्टकडे बघून तिला उमासा आला. मग सांगितलं. मडीच्या काठीवर ओवळं तिला चालेना, म्हणून प्रत्येक मॅचनंतर पहाटे, अंघोळीआधी, ती तो साबण लावून धुवून पुन्हा काठीवर टाकत होती. मी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का, म्हणाली.
म्हणजे सगळ्या मॅचेस धुतलेल्या टी-शर्टवर जिंकलो. न धुतलेल्यावर एकच खेळलो.
दीपश्री ऐकत होती. फायनलनंतर आज पहिल्यांदा हसली. पुढच्या वर्षी मॅचला आत्याआजीने यायचं, असं दोघींचं ठरलं. मला कोणी विचारलं नाही.
बेंगळुरूची रजा आज मंजूर झाली. टी-शर्ट भिजत घातलाय. बादलीतलं पाणी बघून मलाच किळस आली.