रिकामी आणलेली परडी

बेंबळी,
बुधवार, ता. ९ एप्रिल १९५८

जिगरी दोस्त चाँदपाशा यास बलभीमचा सलाम आणि रामराम, दोन्ही.

मी तिथनं परतल्यावर तुझं एक पत्र होळीच्या आधी आलं, दुसरं पाडव्याला. उत्तर लिहायचं मी मुद्दाम लांबवलं. कामात होतो, हात दुखत होता, असलं काही सांगत नाही. कार्ड आणून कोनाड्यात ठेवलं, ते उंदरानं कुरतडलं. दुसरं आणलं तोवर येरमाळ्याची जत्रा आली. जत्रेत एकानं लाकडाची विहीर उभी केली होती आणि तिच्या आतल्या भिंतीवरनं फटफटी गरगर फिरवत होता. त्याला पाणी आणून दिलं म्हणून मला फुकट बघायला मिळालं. मला म्हणाला, चलतोस का, पुढं बार्शी, मग पंजाबपर्यंत जायचंय. खरं सांगतो, पाय उचललाच होता मी. पंजाबला जायला मला काही वाटलं नाही आणि सिंधनूरला यायचं म्हटलं की पाय मागं ओढतो, हे काय असेल, याचा विचार करत जत्रेतनं पायी परत आलो. म्हणून आज शाळेतल्या मास्तरांकडनं वहीचे कागद मागून आणलेत. कार्डात मावायचं नाही.

इकडं सगळं ठीक. आई बरी आहे. तू दोन्ही पत्रांत शेवटी तुझ्या अम्मीचं विचारलंस, ते खाली लिहितो.

महालिंगप्पा अखितीपर्यंत थांबतील, मग कॅनॉलखालचं ते आठ एकर रान दुसऱ्याला बटईनं, निम्म्या वाट्यानं देतील, हे समजलं. त्यांचं बरोबर आहे. कॅनॉलला पाणी सुटलंय, ऊस लावायचाय आणि दारं धरणारा माणूस गावात नाही. मला ते येतं. अकलूजकडं उसात राहिलो तेव्हा तेवढंच एक मन लावून शिकलो. कुठल्या सरीला किती वेळ पाणी द्यायचं ते पायाला कळतं. बाकी मी लई ठिकाणी लई कामं केली, अर्धीमुर्धी. तुला माहीतच आहे.

गावात कळल्यापासनं जो तो शहाणपण शिकवतो. गोरोबा चहावाला म्हणाला, ‘तिकडं बैलबी कानडी हाय. तू हो हो म्हणशील आन् त्यो तसाच हिरीत जाईल.’ सगळे हसले, मीपण हसलो. पण रात्री आठवलं तेव्हा हसू आलं नाही. गंमत बघ, दोन वर्षांमागं तुमचा रायचूर जिल्हा आणि आपण एकाच राज्यात होतो. तेव्हा कोण रायचूरला गेला तर म्हणायचे, जरा लांब गेलाय. आता आपण मुंबई राज्यात आणि ते म्हैसूर राज्यात, तर म्हणतात परमुलखात चालला. गाडी तीच, ठेसनं तीच, माणसं तीच. तरी मलाच आता त्या नावाची धास्ती वाटायला लागली, मग गोरोबाला काय बोलायचं?

आता मूळ गोष्ट. मी माघात येऊन रान बघून गेलो तेव्हा तुला म्हणालो होतो की माझं नक्की आहे, पण आईचं काही खरं नाही. नंतर तुला निरोप धाडला, आई येत नाही म्हणते. तू दुसऱ्या पत्रात लिहिलंस, हरणामावशीला समजाव, मी पाया पडून सांगतो. ते वाचलं आणि पत्र पटकन घडी घालून टाकलं.

कारण आई कधीच नाही म्हणाली नव्हती.

आईची परडी तू लहानपणापासनं बघितलीस. दर मंगळवारी भवानीच्या नावानं पाच दारं मागायची, जे पडेल ते घ्यायचं, पण परडी रिकामी घरात आणायची नाही. मी सिंधनूरला निघालो तेव्हा तिनं माझ्या गेलेल्या दादाची जुनी परडी खुंटीवरनं काढून माझ्या पिशवीत घातली. म्हणाली, मला रान बघायचं न्हाय, पाणी बघायचं न्हाय. मंगळवारी त्या गावात एका दाराशी उभा ऱ्हा. जोगवा घातला तर म्या येते. ह्ये काय आणलंस म्हणून इचारलं तर येत न्हाय. तिची एवढीच अट.

त्या मंगळवारी तू कॅनॉलवर कामाला गेला होतास. मी महालिंगप्पांच्या वाडीवर एका दारापुढं उभा राहिलो. मराठीत मागू का मुक्यासारखा उभा राहू, काही कळेना. वाटलं, कुणी बाहेर यायच्या आत निघून जावं. तेवढ्यात एक म्हातारी आली. माझ्याकडं बघितलंच नाही तिनं, परडीकडं बघितलं. आत गेली, सुपात जोंधळ्याचं पीठ आणि वर मूठभर राळं घेऊन आली, परडीत ओतलं, ‘उधो उधो’ म्हणाली आणि परडीला हात लावून नमस्कार केला. मग कानडीत काहीतरी बोलली. बहुतेक, जेवून जा, असं असावं. मागनं तिची सून डोकावली, तिनंही मूठभर घातलं. तिकडं यल्लम्माची परडी असते, अशीच, हे मला मागनं कळलं.

दुसरा एखादा माणूस खूश झाला असता. मी घाबरलो, चाँद. परडी भरली म्हणजे आता आई येणार. आई आली म्हणजे मला यावंच लागणार.

येताना रायचूरच्या ठेसनावर, फलाटाच्या कडेला, ते सगळं चिमण्यांना टाकलं. परडी झटकून पिशवीत ठेवली. घरी येऊन आईला सांगितलं, कुणी काही घातलं नाही. आई बरं म्हणाली आणि परडी खुंटीला अडकवली. रिकाम्या परडीला ती कधी गप्प बसत नाही, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

काल मंगळवार. सकाळी आईनं दादाची परडी काढली आणि म्हणाली, आज तू माझ्यासंग चल मागाया. मी म्हणालो, मला धाराशिवला जायचंय. तिनं परडी उन्हाकडं तिरपी धरली आणि विणीत अडकलेलं काहीतरी नखानं काढलं. माझ्या तळहातावर ठेवलं. राळ्याचे दोन दाणे.

‘बेंबळीत कोण राळं पेरतं रं?’

मी दाणे मुठीत मिटले. ती म्हणाली, फाल्गुनातच दिसलं व्हतं मला. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, ‘तुला भ्या वाटतंय, ह्ये मी कसं बोलू? तुझं तू बोल.’

मग बोललो. आयुष्यात पहिल्यांदा नीट बोललो. म्हणालो, आई, मी अकलूजला गेलो, लातूरला गेलो, हैदराबादला जाऊन पुलाखाली झोपलो, कशाला भ्यालो नाही. कारण तू इथं बसलेली असायचीस. मन उबलं, कंटाळा आला की परत यायचं, तू भाकर वाढणार. तूच तिथं आलीस तर मी उबून जाऊ कुठं?

ती हसली नाही, रडलीही नाही. म्हणाली, ‘म्हंजी म्या हितं खुंट्यावानी उभी ऱ्हायाची आन् तू दावं लांब सोडून चरायचं. लई दीस झालं त्ये. आता खुंटाच उपटून घिऊन चल.’ आणि परडी माझ्या हातात दिली.

मी तिच्यामागं गेलो. मिशा फुटल्यापासनं गावात कधी मागितलं नव्हतं. गोरोबा टपरीतनं ओरडला, काय बलभीम, कानड्यात मागायाची तालीम व्हय? मी म्हणालो, व्हय, तू पयलं घर, घाल. त्यानं साखर घातली, आणि घालताना पायातली वहाण काढली. पुढच्या दारांशी माझा आवाज सुटला. तिकडच्या म्हातारीपुढं तोंड उघडलं नाही याची लाज तिथं पुरी निघाली. तिच्या दाराशी परत जाणार आहे मी, आणि मागणार आहे, मराठीत. तिला कळेल.

तर माझं ठरलं, आणि आता ते कुणाच्या नावावर ढकलणार नाही. येत्या सोमवारी सकाळच्या मोटारीनं सोलापूर, तिथनं रेल्वे. दीड एकर खडक चुलत्याला कसायला सांगितलंय. विकला नाही, पण परत येण्यासाठी ठेवलाय असंही नाही. जातं नेत नाही, लई जड. माझा खोऱ्या नेतो, त्याचा दांडा माझ्या हाताला बसलाय. महालिंगप्पांना सांग की माणूस येतोय आणि राहायला येतोय. कानडीचं म्हणशील तर पाणी, दार, सरी, बैल थांब, एवढे शब्द तू पहिल्या दिवशी शिकव. बाकीचं भांडताना येईल. भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती बरोबरच येणार आहे, पण गाडीत बसायच्या आधी तिला विचारायचं नाही एवढं मी शिकलो.

आता तुझ्या अम्मीचं. मी दर वेळी बरी आहे एवढंच लिहीत आलो, त्याहून जास्त लिहायला जीव धजत नव्हता. तू गेल्यापासनं ती तुझं नाव घेत नाही. तुझी पत्रं मी वाचून दाखवायला गेलो की म्हणते, ठेव तिकडं, चूल पेटवायला होतील. पण ओसरीवर बसवून घेते आणि संपेपर्यंत उठू देत नाही. एक पत्र तर परत पहिल्यापासनं वाचायला लावलं, म्हणाली, मला ऐकू आलं नाही. नवऱ्याची माती इथं आहे, मी त्या मुलखात पाय ठेवणार नाही, हे तिचं पहिल्यापासनंचं बोलणं. काल आमचं शेवटचं दार तिचंच होतं. दर मंगळवारसारखी मूठ घातली. आई म्हणाली, फातिमाबी, सोमवारी आमी निघालो. तिनं दार लावून घेतलं. आम्ही घरी आलो. आईला रात्री भाकर गेली नाही. म्हणून हे तुला कसं लिहावं ते

चाँद, मधेच उठलो होतो. आता परत बसलोय.

दारात तुझी अम्मी उभी होती. डोक्यावर तुझ्या अब्बांची पत्र्याची पेटी, काखेत पाय बांधलेली कोंबडी. सकाळी कबरस्तानात जाऊन आली म्हणते, तिथं विचारून आली. आईनं विचारलं, ह्ये गं काय? तर पेटी दणकन खाली ठेवून म्हणाली, ‘हरणा चली, तो मैं याँ किससे लडूँ?’ आता दोघी पेटीवर बसल्यात आणि कोंबडी मोटारीत नेऊ देतात का नाही यावरनं भांडतायत. मला ताकीद मिळाली आहे की चाँदला कळवायचं नाही. मी कळवत नाही. तू फक्त खोलीत आणखी एका माणसाचं अंथरूण घाल, आणि ठेसनावर दाढी करून ये.

सोमवारपर्यंत तुझा इथला शेजारी,
मग तिथला,
बलभीम