खिडकी लावून वाजवायची पोल्का

६ जानेवारी
आज बायकांचा नाताळ. आजच्या दिवशी बाईनं चुलीला हात लावायचा नाही, घरातल्या पुरुषानं सगळं करायचं. माझा पुरुष जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा चहा माझा मीच केला. ही डायरी सुनेनं दिली. माझी शाळा लवकर सुटली, अक्षर कोंबडीचं, पण वाचणार कोण आहे?
मोठी बातमी अशी की कॉर्क शहरी मुलाकडे नात झाली. एथ्ना. नाक थेट माझ्या नेल आत्याचं. फोटोत अजून नीट दिसत नाही, पण मला कळतं.
तेव्हा संकल्प. नेल आत्याची पोल्का, ती नाचाची धून, यंदा पबातल्या सोमवारच्या वादकांच्या बैठकीत सगळ्यांना देऊन टाकायची. आमच्या या डोंगरात पोल्काला स्वतःचं नाव नसतं. ज्यानं दिली, म्हणजे इतरांना शिकवली, त्याचं नाव तिला चिकटतं, आणि माणूस गेला तरी ते निघत नाही. म्हणजे होणार ‘हॅना क्रेमिनची पोल्का’. एथ्ना मोठी होऊन कुठल्याही पबात शिरली की कुणीतरी म्हणेल, चला, हिच्या आजीची लावा.
आत्यानं ती मला एकटीला दिली. गोठ्यात, धार काढता काढता, नुसती तोंडानं म्हणून. आणि बजावलं की ही रीनांच्या ज्युलियाला देऊ नकोस. ज्युलिया राहते समोरच. म्हणून मी जन्मभर खिडकी लावून वाजवली. एकदा माझं नाव लागलं की मग तिनं ऐकली तरी चालेल.
आजपासून रोज रियाज. आज सण आहे, उद्यापासून.

१२ जानेवारी
रियाज सुरू. बोटांचे सांधे सुजलेत, माझ्या कॉन्सर्टिनाचा, त्या हातात धरायच्या छोट्या पेटीचा, भाताही माझ्यासारखाच धापा टाकतो. पहिला भाग झकास. दुसऱ्या भागात बोटं भलत्याच पोल्कात शिरतात. पोल्का सगळ्या सख्ख्या बहिणी, एकीला हाक मारावी तर दुसरी ओ देते.
समोर ज्युलिया कपडे वाळत घालताना काहीतरी गुणगुणत होती. ओळखीचं वाटलं. पण तिला सूर कधी नव्हताच, बिचारी. खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबला.

१४ जानेवारी
काल बैठकीला गेले. पोल्का दिली नाही. दमट हवेनं पेटीचं एक बटण अडकलं. शिवाय दाराशी बसायला मिळालं, पाठीवर वारा. बैठक चालवतो टिम लिहेन, पूर्वी दुधाचा टँकर चालवायचा, आता ॲकॉर्डियन. सत्तरी उलटलेल्या बाईलाही पोरी म्हणतो. वाजव पोरी काहीतरी, म्हणाला. मी म्हटलं, वेळ यायची आहे अजून. तर म्हणतो, वेळेची बस चुकली असेल, गेल्या वर्षीपासून येतेच आहे.
थट्टेखोर मेला. दमले.

२८ जानेवारी
दिली!
पहिला भाग मी एकटीनं वाजवला, आणि परत घेतला तर सगळे सामील. व्हायोलिन, बासरी, टिम, सगळे. एका ऐकण्यात! मी खरं तर मास्तरीणच व्हायची. शिकवणं हे रक्तात असावं लागतं.
दुसऱ्या भागात मात्र मी एकीकडे आणि ते सगळे दुसरीकडे. गंमत म्हणजे सगळे एकाच जागी, एकसारखेच चुकले. नवशिक्यांचं होतं असं, एकाचं बघून दुसरा चुकतो. ज्युलियाही बैठकीत असतेच; व्हायोलिनवर मान घालून हसत होती की खोकत होती, कळलं नाही. तिची छाती अशक्त आहे.

४ फेब्रुवारी
काल तुकडे पाडून शिकवलं. टिमला परत परत सांगितलं, बाबा, इथे सुरात वर जायचं नाही, खाली यायचं. तो म्हणाला, पोरी, तू म्हणशील तसं. आणि गेला वर. या वयात डोक्यात नवीन काही शिरत नाही हेच खरं.
घरी ज्युलियानं गाडीतून सोडलं. वाटेत दोनदा म्हणाली, हॅना, तुला एक सांगायचंय. मला एकटीला नीट शिकव म्हणणार, दुसरं काय! मी झोपेचं सोंग घेतलं. मग खरीच झोप लागली. तिनं दार उघडून हलवलं तेव्हा जागी झाले.

१६ फेब्रुवारी
कॉर्कला जाऊन आले. बस, पाऊस, परत बस. गुडघे संपले. पण एथ्नाला मांडीवर घेतलं. इतकीशी मूठ, तिच्यात माझं बोट. तोंडानं पोल्का म्हटली तर पहिल्याच भागात झोपली. सून म्हणाली, दमली असेल. दमली कसली? समजली तिला.
सुनेला सांगून ठेवलं की पोरीच्या आजीच्या नावाची धून आहे म्हणून. ती बरं म्हणाली. बाटल्या उकळत होती.

४ मार्च
आज पॅनकेकचा मंगळवार, उपासाआधीचा गोडाचा दिवस. केले नाहीत.
काल बैठकीला एक हॉलंडचा माणूस आला होता, उंच, फार सभ्य. आम्ही माझी पोल्का वाजवली. सगळे परत वर गेले. त्यानं विचारलं, ही कुणाची? मी कार्डिगन नीट केलं आणि सांगितलं, हॅना क्रेमिनची, म्हणजे माझी. त्याचं तोंड पडलं. माफ करा म्हणाला, उन्हाळ्यात पलीकडच्या खोऱ्यात मला शिकवली तेव्हा हिचं नाव ज्युलिया रीनची पोल्का सांगितलं होतं.
सगळे आपापल्या ग्लासात बघायला लागले. टिम बुटाची नाडी बांधत बसला. त्याच्या बुटांना नाडी नाही.
ज्युलिया मला बाहेर घेऊन आली. गाडीपाशी म्हणाली, “मला नेलबाईनंच दिली, हॅना. तुमच्याच गोठ्यात. म्हणाली, आमच्या हॅनाला सांगू नकोस. तिच्या हाताला दुसरा भाग यायचा नाही, आणि जिवाला लावून घेईल.”
मी म्हटलं, मला तर बजावलं होतं की ज्युलियाला देऊ नकोस.
“देऊन काय करणार होतीस? माझ्याकडे होतीच की.”
मग मी विचारलं, तुझं नाव कसं लागलं. तर म्हणाली, कुणी मागितली की देत गेले. नाही कशाला म्हणायचं?
ती छातीनं अशक्त नाही. तेव्हा हसतच होती.

५ मार्च
राखेचा बुधवार. सकाळी चर्चमध्ये कपाळाला राख लावून आले. आता ईस्टरपर्यंत उपास, कुणी साखर सोडतं, कुणी बिअर. मी काय सोडू? सोडण्यासारखं होतं ते सुटलंच.
दुपारी फटीतला टॉवेल काढला, खिडकी सताड उघडली आणि वाजवली. दुसऱ्या भागात त्या सगळ्यांसारखी वर गेले. बरं वाटतं वर गेल्यावर, हे मान्य.
ज्युलिया दूध घेऊन रस्त्यानं गेली. मी मुद्दाम जोरात वाजवली. तिनं हात केला. थांबली नाही. तिला येतेच.
थंडी आत यायला लागली. खिडकी लावली.