नायलॉनच्या कॉलरला दूध पचत नाही

मोठ्या जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार (पोट धरून वाकलेय, म्हणून अर्धाच समजा).

तुमचा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? कुंडीतल्या मिरचीला फुलं आली का? सगळं ठीकच असणार. ठीक नसतं तर मला दोष द्यायला तुम्ही आतापर्यंत फोन केला असता. सात महिने तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र. पत्र तुम्ही वाचणार हे मला ठाऊक आहे, तुम्ही साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरसुद्धा संपवल्याशिवाय टाकत नाही. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नका.

आधी ते आपलं भांडण. तुमच्या नव्या घरी तुम्ही आम्हाला एकेक खोली दाखवत होतात, न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ सोडून दाखवलात, आणि नेमकी तेव्हाच मी सगळ्यांसमोर म्हणाले, "जाऊबाई, माझ्या पोटात दुखतंय," आणि चपला घालून चालू पडले. जावेचं नवं घर बघून जावेच्या पोटात दुखलं म्हटल्यावर लोक हसणारच. भाऊजी हसले, तुमची शेजारीण हसली, तुमचं तोंड एवढंसं झालं. अहो पण मला खरोखरच दुखत होतं! बेंबीच्या डावीकडे, चार बोटं खाली. हेव्याला आणि कळेला आपल्या लोकांनी एकच बोलणं ठेवलंय, त्याला मी काय करू? तुमच्या नळाचा मला काडीचाही हेवा नाही. (निळ्या फरशीचा आहे थोडा. पण त्यानं कळ येत नाही, मी तपासून बघितलंय.)

हे दुखणं दोन वर्षांचं आहे. दोन घास पोटात गेले की पोट फुगतं, मग कळा, मग पळापळ, नाहीतर चार-चार दिवस काहीच नाही. मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसते, टेप कायम गळ्यात, म्हणून मापासकट सांगते: सकाळी कंबर तीस, संध्याकाळी तेहतीस. आणि गंमत अशी की पोट फुगतं पण बाकीचं अंग उतरतंय, या वर्षात माझेच कपडे मी तीनदा आत घेतले. हे पोटाच्या डॉक्टरणीला आवडलं नाही. ती म्हणाली, दुर्बीण आत घालून बघायला हवं. कुठून घालणार ते तिनं सांगितलं आणि मी खुर्चीतून उठलेच. पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारची वेळ दिलीय, त्याआधी होय की नाही कळवायचं. आता अस्तर उसवल्याशिवाय आत काय फाटलंय ते कळत नाही हे मीच रोज गिऱ्हाइकांना ऐकवते. पण मी काही कोट नाही. म्हटलं, उसवायच्या आधी बाकीचे उपाय बघून घेऊ.

पहिले ते पोट धुवून काढणारे शुद्धीवाले. पांढरी खोली, पांढरे पडदे, आणि आवाज असा मऊ की मला डुलकीच लागायला आली होती. आठ दिवस फक्त पालेभाजीचा रस, म्हणजे पोटातलं सगळं विष निघून जाईल आणि पोट सपाट होईल. मी होय म्हणणारच होते, तेवढ्यात ते कपाटातून बाटली काढायला वळले आणि मी त्यांना ओळखलं. चेहऱ्यानं नाही, पँटवरून. मागच्या शिवणीला माझेच टाके! तीन महिन्यांत दोनदा ती कंबर मी सैल केलीय, आता सोडायला आत कापडसुद्धा उरलेलं नाही. मी ते तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, ताई, ते विष बाहेर निघायच्या वाटेवर आहे. मी म्हटलं, मग वाटेत बसलेलं दिसतंय. बाटली न घेताच आले.

मग लंबकवाल्या बाई. यांच्या हातात एका दोऱ्याला बांधलेला काचेचा मणी. तुम्ही टेबलावर खायच्या वस्तू मांडायच्या, बाई त्यांच्यावर मणी धरणार, मणी गोल फिरला तर चालेल, आडवा हलला तर विष. ब्रेडवर आडवा. दुधावर आडवा. केळं, भात, बटाटा, सगळ्यावर आडवा. बाईंच्या स्वतःच्या चूर्णांच्या डब्यांवर मात्र असा गरगर फिरला की मला चक्कर आली. मी विचारलं, दोरा बघू जरा? दोरा हा माझा धंदा आहे, जाऊबाई. बारीक रेशीम, पीळ जास्त दिलेला. असला दोरा एका बाजूनं चिमटीत जरा सैल सोडला की आपोआप उलगडत फिरतो, त्याला माझ्या पोटाचं काय घेणंदेणं? बाई म्हणाल्या, तुमच्यात श्रद्धा कमी आहे. मी म्हटलं, तुमच्या दोऱ्यात पीळ जास्त आहे.

तिसरी पाळी जंतूंची. आमच्या दुकानात काजं करणारी माझी मैत्रीण आहे, जगातल्या सगळ्या गोळ्या तिनं खाऊन बघितल्यात. तिनं सांगितलं की पोटात चांगले जंतू कमी पडलेत, विकतचे घाल. एका गोळीत म्हणे अब्जावधी, आणि सगळे जिवंत! माझ्या घरी दोन माणसं राहायला आली तर अंथरूण कमी पडतं, एवढ्यांची सोय मी कुठं करू? शिवाय ते फ्रिजमध्ये ठेवायचे. तर तुमच्या दिरांनी काय करावं? कलिंगडाला जागा करायला डबी उचलून खिडकीत ठेवली, भर उन्हात, तीन दिवस. मी एवढी ओरडले की शेजारचे कुणी गेलं का बघायला आले. टाकवेना म्हणून मेलेलेच गिळले. आणि तुम्हाला म्हणून सांगते, जिवंतांपेक्षा मेलेल्यांनी चांगलं काम केलं, दोन दिवस पोट एकदम गप्प.

पण सगळ्यात कमाल केसांची. एक माणूस आहे, त्याच्याकडे आपण जायचंसुद्धा नाही. केसांची बट कागदात घालून टपालानं पाठवायची, तो ती यंत्रात घालून काय सोसतं नि काय सोसत नाही याची यादी पाठवतो. मला हे पटलं. कपडे काढायचे नाहीत, नळ्या नाहीत, घरबसल्या काम. केस कापले, पुडी बांधली, पाठवली. पंधरा दिवसांनी यादी आली, बेचाळीस वस्तू! दूध पचत नाही, गहू पचत नाही, यकृत मंद, स्वभाव मनात साठवून ठेवण्याचा (माझा! दुकानात सगळे पोट धरून हसले, अगदी निरोगी पोटं). तरी मी तीन आठवडे यादी अक्षरशः पाळली. आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटायला लागलं. संध्याकाळची कंबर एकतीसवर आली. काजवालीला म्हटलं, बघ, विद्या आहे ही!

मग एका कोटाची आठवण झाली. खोट्या केसांची कॉलर, नायलॉनची, एका बाजूनं झडलेली. तिच्या रंगाचा दोरा आणायचा म्हणून मी तिचा एक झुपका कागदात बांधून पिशवीत ठेवला होता. गिऱ्हाईक परगावी, त्यामुळे घाई नव्हती. दोऱ्यांच्या दुकानात गेले, पुडी दिली, म्हटलं या रंगाचा द्या. दुकानदारानं उघडली, उजेडाकडे नेली, चष्मा लावला, दोऱ्यांची पेटी खाली-वर केली आणि म्हणाला, "बाई, असला अर्धा काळा अर्धा पांढरा माल आता येतच नाही. मेंदी लावा की."

माझेच केस हो! म्हणजे यंत्रात गेली ती कॉलर. म्हणजे दूध पचत नाही ते नायलॉनच्या कॉलरला. यकृत मंद आहे तेही तिचंच, आणि मनात साठवून ठेवते तीही तीच. मी दुकानात उभ्या उभ्या एवढी हसले की दुकानदारानं मला बसायला स्टूल दिलं. घरी येईपर्यंत पोटात कळ हजर. तीन आठवडे गप्प बसलेलं पोट, बातमी कळल्याबरोबर उठलं! म्हणून सांगते, तीन आठवडे मला बरं वाटलं ते कशानं, हे ना त्या माणसाला ठाऊक ना मला. कळवायला म्हणून त्याला फोन केला. तो म्हणाला, कॉलर घालणाऱ्या बाईंना यादी द्या, त्यांना उपयोग होईल.

आता एक चुंबकाच्या पट्ट्यावाले राहिलेत, आणि पायाचे तळवे दाबून आतडं ओळखणारी एक बाई. तुम्ही मोठ्या आहात, चार बुकं जास्त शिकलेल्या आहात. कोण बरं, तेवढं सांगा. भाऊजींना नमस्कार.

तुमची धाकटी जाऊ

ता. क. पट्टेवाल्यांचा विचार करू नका. तळवेवालीचाही नको. डॉक्टरणीला मी काल होय सांगून टाकलंय. तिनं एकटीनंच सांगितलं की बघितल्याशिवाय मला काही ठाऊक नाही. बाकी सगळ्यांना न बघताच ठाऊक होतं.

ता. क. दुसरा. तिथं गुंगीचं औषध देतात, म्हणून बरोबर कुणीतरी लागतं. तुमचे दीर कागद वाचता वाचताच आडवे झाले. काजवाली येते म्हणतेय, पण ती माझं ऐकते. मी दारातून "चल, घरी जाऊ" म्हटलं तर ती रिक्षा बोलावेल. जाऊबाई, या जगात मी फक्त तुम्हाला घाबरते. गुरुवारी सकाळी आठ वाजता याल का? मला आत ढकलायला कुणीतरी हवं.

ता. क. तिसरा, आणि हा नीट वाचा. आलात की नेहमीसारख्या बोला, टोमणे मारा, माझ्या साडीच्या निऱ्यांना नावं ठेवा. गोड बोलू नका. तुम्ही गोड बोललात तर मला वाटेल, डॉक्टरणीनं तुम्हाला आधीच काहीतरी सांगितलंय.